मखमली खोळ

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि जे. पी. नगरातल्या आमच्या ऑफिसात एकच लॅपटॉप होता. वजन असं, की तो मांडीवर घेऊन बसलं की बस डावीकडे कलायची. पण त्याच्या पोटात खास ग्राफिक्सची चिप होती. तिच्या जोरावर न बांधलेल्या घरातून माणसाला पडद्यावर फिरवून आणता यायचं. तो प्रोग्राम मी लिहिला होता. अमेरिकेचे पाहुणे बघायला येणार आणि पसंत पडला तर लिहिणारा तिकडे जाणार, असं ठरलं होतं. मी पुण्याला आईला कळवून टाकलं. तिनं गल्लीत पेढे वाटून मुली बघायलाही सुरुवात केली.

चिप मात्र तापायची. तापायची म्हणजे काय! वर पापड ठेवला असता तर तोच म्हणाला असता, "आता उलटा." मग पडद्यावर आधी हिरवे ठिपके, मग लुगड्याच्या काठासारखे पट्टे, आणि शेवटी जिना, गच्ची, सगळं घर वाहून जायचं.

कारण होते आमचे साहेब. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले, बोलण्यात कानडी मिसळणारे. सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणे. मिक्सर असो की फोन, त्यांनी कुठली वस्तू उघडी राहू दिली नव्हती. लॅपटॉपलाही पेटेतल्या शिंप्याकडून, वाजवायच्या पेटीला शिवतात तशी, मापाची खोळ शिवून घेतलेली. जांभळी मखमल, आत अस्तर, कडेनं जर. कळा आणि पडदा तेवढे उघडे. बाकी सगळं अंग झाकलेलं, मागच्या गरम हवेच्या जाळीसकट. चालू असतानाही खोळ काढायची नाही, असा हुकूम.

"अण्णा, त्याला श्वास घेता येत नाही."

"तुला येतो ना? मग काम कर की."

"निदान जाळीपुरती कापू या."

"जरीचं काम आहे रे ते! स्वल्प सावकाश चालव, तापणार नाही."

सावकाश चालव म्हणे. बैलगाडी होती का ती!

पाहुणे आले त्या सकाळी मी अण्णांच्या आधी पोचलो. खोळ काढली, लॅपटॉप पालथ्या वाट्यांवर ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला. चिप इतकी गार पडली की तिला सर्दी व्हायचीच बाकी होती. पाहुण्यांना मी दारातून आत नेलं, जिना चढवला. एक जण तर कठडा धरायला पुढे झुकला. माझं विमान धावपट्टीवर आलं होतं.

तेवढ्यात अण्णा कॉफी घेऊन आले. उघडा लॅपटॉप बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी नवरदेवाला बनियनवर मांडवात बसवलाय.

"चार लोकांत हे काय रे?" ते माझ्या कानाशी कुजबुजले. वाट्या काढल्या, पंखा पाहुण्यांकडे वळवला आणि सगळ्यांदेखत चालत्या लॅपटॉपला खोळ चढवली. इथली काही पूजा असावी, असं वाटून पाहुणे बिचारे उठून उभे राहिले.

"अण्णा, आता बंद पडेल."

"सरी, सरी, बरं बरं. शुभ बोल."

गच्चीवर पोचतो न पोचतो तोच हिरवे ठिपके. मग पट्टे. मग गच्चीही गेली. अण्णा हसून पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले, मुलगा नवा आहे, हाताला सवय नाही.

जेवढं घर दिसलं तेवढं त्यांना आवडलं होतं. कुणी जाणत्यानं तिकडे येऊन नीट दाखवावं, असं ठरलं. जाणते म्हणून अण्णा गेले. ऐन हिवाळ्यात, माझा प्रोग्राम आणि लॅपटॉप घेऊन, खोळीसकट. आईला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली. वाटलेले पेढे ती काय परत मागणार!

एके दिवशी अण्णांचा फोन आला.

"अरे, इथं खोलीचा हीटर मोडलाय. हातमोजे घालून कळा दाबतो. पण हा बघ, दिवसभर चालतोय! एक पट्टा नाही."

"खोळ आहे ना अण्णा?"

"म्हणजे काय! तिच्यामुळंच टिकलाय. तो तुझ्याच हातात तापायचा रे."

फोन स्पीकरवर होता. सगळं ऑफिस माझ्या हातांकडे बघत होतं.