आश्रुबाची कंबर आणि चेअरमनची सीट

सूतगिरणीतून सूत निघायला अजून अवकाश होता, कारण गिरणीच निघायची होती. धारूरच्या अलीकडे माळावर पाया भरून झाला होता, त्यात बाभळी वाढल्या होत्या, आणि समोर एक भलीमोठी कमान उभी होती. कमानीवर संस्थेचं नाव होतं. ते इतकं लांब होतं की वाचणारा शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायचा, म्हणून सगळे नुसतं 'गिरणी' म्हणत. गिरणीला यंत्रं नव्हती, कामगार नव्हते, कापसाचं बोंडही कधी आत गेलं नव्हतं. पण संचालक मंडळ होतं. मंडळाला चेअरमन होते, चेअरमनला पांढरी ॲम्बेसिडर होती, आणि ॲम्बेसिडरला आश्रुबा होता. म्हणजे सहकाराचं काम तसं बरंच पुढे गेलेलं होतं.

आश्रुबा चकलांब्याचा. दसरा झाला की नवराबायको ऊस तोडायला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. फडावर त्याने ट्रॅक्टर हाकायला शिकून घेतलं, पुढे लायसन काढलं आणि कुणाच्या तरी चिठ्ठीवर गिरणीच्या गाडीवर लागला. चेअरमन सुंदररावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नीट चालव. पुढंमागं तुला कायम करू." कायम झालं की कोयता सुटला, हे त्याची बायको सारजाबाई सगळ्या गल्लीला सांगून बसली होती. तिला आता फडावर जायचं नव्हतं, आणि आश्रुबाला तिला न्यायचं नव्हतं. सगळं काही त्या एका 'कायम' शब्दावर अडलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच त्याची कंबर दुखायला लागली.

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं की तिच्यात पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नसत. एकच सलग बाक असे. त्याच्या खाली ड्रायव्हरच्या बाजूला एक कडी, ती ओढली की अख्खा बाक पुढे नाहीतर मागे सरके. म्हणजे एक माणूस पुढे आला की दुसऱ्यालाही यावं लागे आणि एक मागे गेला की दुसराही मागे. सहकाराचं तत्त्व याहून सोप्या भाषेत कुणी सांगितलेलं नाही. कडी ड्रायव्हरच्या हाताशी होती, पण हुकूम शेजारच्याचा चाले.

शेजारी सुंदरराव बसत. मागे बसलं तर लोकांना दिसत नाही, म्हणून पुढेच. माणूस सहा फुटांचा आणि त्यातले चार फूट पायच. बाक पार मागे, पाय पसरलेले, टोपी डोळ्यांवर. आश्रुबा बेताच्या उंचीचा, म्हणजे उभा राहिला तरी बसल्यासारखा दिसणारा. बाक मागे गेला की त्याचा पाय क्लचला पुरत नसे. मग तो सीटच्या कडेवर सरकायचा, अंगठ्याने क्लच दाबायचा आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळायचा. त्याच्या पाठीच्या आणि सीटच्या मधे पाण्याची घागर आरामात मावली असती. अशा अवस्थेत तो रोज जिल्हाभर हिंडत होता.

बरं, साल सत्त्याऐंशीचं. पावसाने सलग पाठ फिरवलेली. विहिरींना तळ दिसायला लागले, बाजारात बैल मातीमोल झाले, आणि चेअरमनचे दौरे वाढले. सुंदररावांना दुष्काळाची फार कळकळ. रोज कुठला ना कुठला दुष्काळ पाहून आल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. कधी टँकरला नारळ, कधी रोजगार हमीच्या कामाची पाहणी, कधी कलेक्टरला निवेदन. गाडीची काच वर केलेली असे, कारण दुष्काळात धूळ फार उडते. साहेब झोपेत आणि आश्रुबा कडेवर, असं दोघे मिळून दुष्काळ पाहायचे.

कंबर इतकी धरली की सकाळी त्याला अंथरुणावरून उठवायला सारजाबाई लागायची. पण बोलायची सोय नव्हती. सुंदररावांचा भाचा सुग्रीव खिशात लायसन घेऊन रोज बंगल्याच्या ओट्यावर बसलेला असे. तो मामासारखाच लंबूटांग. आश्रुबाने एकदा जरी कंबरेवर हात ठेवला असता तरी संध्याकाळी किल्ली सुग्रीवच्या हातात गेली असती. म्हणून आश्रुबा गाडीतून उतरताना हसायचा. दुखणं जेवढं जास्त, तेवढं हसू मोठं. लोक म्हणायचे, चेअरमनचा ड्रायव्हर लई खुशमिजाज माणूस.

मेव्हण्याचं निमित्त सांगून तो बीडला एका डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बूड थेट मागे टेकवून बसायचं, कंबरेच्या खोलगटीला आधार द्यायचा, गुडघे जरा वाकलेले आणि हात कोपरात सैल ठेवायचे. "सोपं आहे. सीट पुढे घ्या," डॉक्टर म्हणाले.

"सीट संस्थेची हाय, डॉक्टर."

"मग संस्थेला सांगा."

आश्रुबा तिथेही हसला.

सारजाबाईने जुन्या लुगड्यात सरकी भरून त्याला पाठीमागे ठेवायला एक लोड शिवून दिला. एक सकाळ आश्रुबाची कंबर राणीसारखी बसली. दुपारी सुंदररावांची नजर गेली. "हे बरं केलंस आश्रुबा, मान अवघडत होती माझी," असं म्हणून त्यांनी लोड उचलला आणि डोक्याखाली घेतला. सारजाबाईने दुसरा शिवला. तो साहेबांनी गुडघ्याखाली घेतला. तिसरा शिवायला लुगडं उरलं नव्हतं.

मग आश्रुबाने सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले आणि क्लच-ब्रेकवर सुतळीने आवळून बांधले. पाय पुरायला लागले. आठवडाभर तो टेकून बसला आणि घरी येऊन चक्क गाणं गुणगुणला. पण सुग्रीव कुणाच्या तरी लग्नाला गाडी घेऊन गेला, त्याचे लांब पाय ठोकळ्यांत अडकले, आणि गाडी जाऊन गिरणीच्या कमानीला धडकली. गिरणीचं एवढंच बांधकाम पुरं झालं होतं, त्यालाही तडा गेला. चूक अर्थातच ठोकळ्यांची निघाली. सुंदररावांनी ते स्वतःच्या हाताने काढून फेकून दिले.

शेवटी धारूरचा घाट उतरताना, साहेब घोरतायत असं पाहून, आश्रुबाने हळूच कडी ओढली. आपण उतारावर आहोत हे तो विसरला. बाक दोघांना घेऊन धाडकन पुढे गेला आणि सुंदररावांचे गुडघे डॅशबोर्डवर आदळले.

"काय झालं बे?"

"शेळी आडवी आली, साहेब."

"कुठं हाय शेळी?"

"गेली."

भर दुष्काळात शेळीला एवढं पळायचं बळ कुठून आलं, हे साहेबांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी बाक मागे घ्यायला लावला आणि पुन्हा टोपी ओढली.

त्या दिवशी घरी आल्यावर आश्रुबा उंबऱ्यावरच आडवा झाला. सारजाबाई कंबरेवर गरम विटकर धरून म्हणाली, "अवो, जाऊ द्या ती गाडी. ऊस तोडलेला बरा. तिथं कंबर दुखली तर दुखती म्हणता तरी येतं." आश्रुबाला ते फार लागलं, कारण तिला फडावर जायचं नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरी ती म्हणाली होती.

तेवढ्यात गिरणीची निवडणूक लागली. सुंदररावांच्या विरोधात राधाकिशनराव उभे राहिले. कुणी सोयरीक पाहून मत ठरवलं, कुणी पंगत पाहून. आश्रुबाचाही पहिल्या पगारातून एक शेअर कापून घेतलेला होता, म्हणजे तोही सभासद. त्याने उमेदवारांची उंची पाहिली. राधाकिशनराव फेटा धरूनही सुंदररावांच्या खांद्याला लागत नव्हते. असा माणूस शेजारी बसला तर बाक पुढेच घ्यावा लागणार. एवढं स्वच्छ, तत्त्वनिष्ठ मत त्या निवडणुकीत दुसऱ्या कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

तो नुसतं मत देऊन थांबला नाही. सुंदरराव प्रचाराला गावोगाव जात, आत चहा घेत. बाहेर गाडीला टेकलेल्या आश्रुबाला लोक विचारत, "साहेब कसे हायत?" आश्रुबा काळजीच्या सुरात म्हणे, "लई दमत्यात. गाडीत बसले की जो डोळा लागतो, तो तुमचं गाव आल्यावरच उघडतो." यात एक शब्द खोटा नव्हता. पण टँकरची वाट बघत रात्र-रात्र जागणाऱ्या गावांत ही गोष्ट भलतीच पसरली. सुंदरराव पडले. गुलालाच्या मिरवणुकीत सुग्रीव सगळ्यांच्या पुढे नाचत होता. मामा पडल्यावर त्याला अचानक राधाकिशनरावांचे गुण दिसले होते.

दुसऱ्या दिवशी आश्रुबाने गाडी धुतली, बाक पार पुढे घेतला आणि टेकून बसून वाट पाहिली. राधाकिशनराव हारांसकट आले. दार उघडून त्यांनी आधी सीटकडे पाहिलं.

"सुंदरराव कसे बसायचे?"

आश्रुबाने कडी घट्ट धरली. "पार मागं घेऊन, साहेब. पण त्यांचे पाय..."

"मग तसंच घे. मी कशापायी पुढं बसू? मी काय कमी चेअरमन हाय?"

बाक मागे गेला. राधाकिशनराव रुबाबात रेलले, पण त्यांचे पाय कुठेच टेकेनात. टाचा सीटच्या कडेवर आणि चपला हवेत, असे ते दुष्काळ पाहायला निघाले. आश्रुबा पुन्हा कडेवर लोंबकळला. आपण ज्याच्यासाठी एवढी निष्ठा दाखवली तो हाच का, या विचाराने त्याला इतका राग आला की तो त्या दिवशी हसायचंही विसरला. त्यात राधाकिशनराव सहज बोलून गेले, "सुग्रीव म्हणत होता, गाडीवर घ्या. बघू पुढल्या महिन्यात."

असे काही आठवडे गेले. मग आश्रुबाच्या ध्यानात आलं की गाडीत कण्हणारा आपण एकटा नाही. खड्डा आला की शेजारून "अगं आई" असं बारीक ऐकू यायचं आणि लगेच खोकला. उतरताना चेअरमनसाहेब दार धरून क्षणभर थांबायचे आणि मग लोकांकडे पाहून मोठं हसायचे. ते हसू आश्रुबाने ओळखलं. ते त्याच्याच घरातलं होतं.

तलवाड्याच्या वाटेवर एका उजाड माळाला त्याने गाडी कडेला घेतली.

"साहेब, कंबर दुखती न्हवं?"

"कुणाची? माझी? छट्!"

"माझी तर लई दुखती," आश्रुबा म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने ते तोंडाने उच्चारलं, आणि उच्चारल्यावर भीती वाटायच्या ऐवजी त्याला हलकं वाटलं. "अन् सुग्रीवला घेतलं तर तुमची बी जन्मभर दुखंल. त्याचे पाय मामावानी. तो बाक पुढं घेऊच देणार न्हाई. आपुन दोघं एका मापाचे हाव, साहेब."

राधाकिशनरावांनी आपल्या अधांतरी चपलांकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाक पुढं घेतला तर लोक काय म्हणतील? चेअरमन लहान पोरावानी पुढं सरकून बसलाय म्हणतील."

"लोक दुष्काळात हायत, साहेब. तुमचे पाय बघाया कुणाला सवड हाय?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. कडी ओढली. बाक पुढे आला. साहेबांचे तळवे महिन्याभरात पहिल्यांदा समोरच्या तिरप्या पत्र्याला टेकले आणि जू उतरलेल्या बैलासारखा त्यांनी सुस्कारा सोडला. आश्रुबाची पाठ सीटला लागली. फार बरं वाटलं त्याला.

तलवाड्यात शिरताना राधाकिशनराव धास्तावले होते. फेटा सारखा केला, हात जोडून तयार ठेवले. टँकर नुकताच आला होता. बाया हंडे घेऊन धावत होत्या, पोरं पाइपाला झोंबत होती, म्हातारे वाळल्या ओठांनी ओरडत होते. पांढरी गाडी त्या गर्दीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. एकानेही मान वळवली नाही. राधाकिशनरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. गाव संपल्यावर त्यांनी ते खाली घेतले. कंबर दुखायची थांबली होती, पण चेहरा आधीपेक्षा जास्त दुखावलेला दिसत होता.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. दुष्काळग्रस्तांबद्दल सहानुभूती, आश्रुबाला कायम करणं, आणि चेअरमनच्या गाडीला मोठ्या आवाजाचा भोंगा बसवणं, असे तीन ठराव एकमताने मंजूर झाले.

सारजाबाईने कायम झाल्याचे पेढे गल्लीत वाटले, पण भोंग्याचं ऐकून ती चिडली. पाण्यासाठी मरणाऱ्या माणसांच्या कानाशी हे कसलं वाजवायचं, म्हणाली. "तुमी वाजवणार का आता ते?"

आश्रुबा भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसला होता.

"वाजवीन की," तो म्हणाला. "त्याला हात लागतो. कंबर न्हाई लागत."