लेकराचं मोजू न्हाई

सन १९३८, दिवाळीचा पाडवा. ठराव असा: दरमहा पाच रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी. हजर माणसं तीन. मी, कनेरगावहून आलेली माझी थोरली बहीण आक्का आणि मूल सांभाळायला ठरवलेल्या बाईला कळमनुरीहून घेऊन आलेले आमच्या हिंगोलीच्या अडतीवरचे तोलारी चाचा. चौथी ती स्वतः, पण तिचं ठरावाकडे लक्ष नव्हतं. पाळण्यात माझी सहा महिन्यांची मुलगी निजली होती. बाईने तिच्यावर आपला पदर आडवा धरला होता. आम्हा तिघांची नजर पडू नये म्हणून.

मुलीची आई बाळंतपणातच गेली. आक्काला तिचा संसार होता. मी अडतीवर दिवाणजी. सकाळी जायचो तो दिवेलागणीला परतायचो. म्हणून कामाच्या अटी मी आधीच स्पष्ट सांगितल्या. दूध दिवसातून चार वेळा, वाटी भरून. झोपावं म्हणून अफू द्यायची नाही. मला विचारल्याशिवाय भाकरीचा कण द्यायचा नाही. प्रत्येक अटीला ती मान हलवायची. शेवटी म्हणाली, "समदं बराबर हाय दिवाणजी. पर लेकराचं मोजू न्हाई."

मोजणं हाच माझा धंदा. मी तिला सांगितलं, एक वाटी पाजली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची.

रोज संध्याकाळी चार रेघा दिसायच्या. मी समाधानी होतो. एकदा चष्मा विसरला म्हणून सकाळीच परत आलो, तर भिंतीवर चारही रेघा तयार!

"हे काय? दूध तर एकदाच झालं असेल."

"व्हय."

"मग रेघा चार कशा?"

"पाजणार तर हायच की. आदी ओढली म्हंजी ती रेघ भिंतीची. पाजून ओढली तर लेकराच्या घासाला लागती."

मी पहिली ताकीद दिली. त्यानंतर तिने रेघा ओढणंच सोडलं.

दुसरी ताकीद भाकरीची. दुधात कुस्करलेला तुकडा ती मुलीला भरवताना सापडली. "दात शिवशिवून राहिले तिचे," एवढंच तिचं म्हणणं. "तिसऱ्यांदा सांगणार नाही," असं मी म्हणालो. "नका सांगू," म्हणाली आणि उरलेला तुकडा तिने माझ्यासमोरच भरवला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चूक कबूल करतील, पण तुमच्या मनाजोगी सुधारणार नाहीत. तिचं स्वतःचं एक लेकरू होतं, ते खंगत खंगत गेलं आणि नवऱ्याने तिला टाकलं, हे मला चाचांकडून कळलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. माझ्याही घरात एक जागा रिकामी होती आणि त्याबद्दल मी बोलत नव्हतो. सात महिने आम्ही दोघं एका घरात त्या मुलीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोललो नाही.

पौषात मी मुलीला अडतीच्या काट्यावर तोललं. काटा चाचांनी धरला होता. बाई पाठ करून उभी राहिली. नऊ शेर भरलं. वैशाखात चाचा रजेवर होते, तेव्हा मीच तोललं. साडेआठ शेर. दोनदा पाहिलं. साडेआठच.

घरी येऊन मी आवाज न चढवता सांगितलं, "चार महिन्यांत अर्धा शेर घटली. तुला दोनदा बजावलं होतं."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, भांडेल.

"काटा काहून खोटं बोलंल," ती म्हणाली. "माझ्याच हाताला यश न्हाई."

हिशेब चुकता केला. तिने गाठोडं बांधलं. मुलगी निजली होती. बाई पाळण्यापर्यंत गेली, पण वाकली नाही. "उठंल ती," म्हणाली आणि निघाली.

मुलगी उठली, ती दोन दिवस रडत होती. मी कनेरगावला निरोप धाडून आक्काला बोलावून घेतलं. वाटी तोंडाला लावली की मुलगी मान फिरवायची आणि दाराकडे बघायची.

पंधरवड्याने रजेवरून आलेल्या चाचांना मी सगळं सांगितलं. पोतं तोलत होते, ते थांबले.

"दिवाणजी, पौषात पोरगी गोधडीत होती. डोक्याला कुंची, पायात चांदीचे तोडे. बारदान किती वजा केलं?"

बारदान म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन. वीस वर्षं मी प्रत्येक पोत्यामागे ते वजा करत आलो होतो. घरून गोधडी, कुंची, तोडे आणून काट्यावर ठेवले. सव्वा शेर. वैशाखात मी तिला नुसत्या झबल्यावर तोललं होतं. म्हणजे मुलगी घटली नव्हती, पाऊण शेर वाढली होती.

दुसऱ्या दिवशी टांगा केला. जाताना एका सवारीचे बारा आणे, येताना बाईसकट दोघांचा दीड रुपया. मुलगी माझ्या मांडीवर, तिचं भाडं नव्हतं.

कळमनुरीत ती एका वकिलाच्या घरी सापडली. ओट्यावर बसली होती, मांडीवर चार महिन्यांचं मूल. आत त्याची आई आजारी होती. माझी मुलगी तिच्याकडे झेपावली. बाईने दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढलं आणि दोघांवर पदर घेतला.

मी बारदानाची चूक सांगितली. तिने पुन्हा विचारलं, "म्हंजी घटलं नव्हतं?"

"नाही. वाढलं होतं."

"बराबर पाहिलं ना दिवाणजी?"

"बराबर पाहिलं."

ती डोळे पुसून म्हणाली, "लई दिस झोप न्हाई."

"चल घरी," मी म्हणालो. "चूक माझी. अट एकही नाही."

तिने मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. "हे आता माझ्याच हातनं पितंय. तुमच्या लेकराचं झालं, तेच ह्याचं करू व्हय?"

तिने माझ्या मुलीला दूध पाजलं, ती निजेपर्यंत थोपटलं आणि माझ्या हातावर दिली. "भाकरी द्या कुस्करून," म्हणाली. "खाती ती."

हिंगोलीत उतरलो तेव्हा टांगेवाल्याने येतानाची एकच सवारी धरली आणि बारा आणे कमी मागितले. ठरलं होतं दोघांचं. सव्वादोन रुपये, पूर्ण, मी त्याला दिले.