साडेसातशे वाती आणि लाल दोरा

चैत्रात आमची बुढी, म्हणजे माझी बायको, गेली, तेव्हापासून मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही, म्हणून झालं तसं लिहितो. जिनं जन्मभर देवासाठी वाती वळल्या, तिला दोन महिने खाटेवर तळमळत ठेवलं आणि मग नेलं, यात देवानं कोणता शहाणपणा केला हे मला कोणी समजावून सांगू शकलं नाही. सांगायला आलेल्या दोघा-तिघांना मी दारातूनच वाटेला लावलं. देवघराची खोली सून झाडायची, दिवा सून लावायची. मी त्या दारावरून जाताना मान फिरवायचो, रुसलेल्या सोयऱ्याच्या घरावरून जातात तसा.

आमचं घर कामरगावात, वावर गावाला लागूनच. कापूस फुटला की आमच्याकडे आधी सीतादही करतात. वावरात पूजा मांडायची, दही-भात शिंपडायचा, मग वेचणीला हात लावायचा. त्या पहिल्या वेचणीतला ओटीभर कापूस बुढी बाजूला काढायची. "एवढा इकाचा नाही," म्हणायची. लग्न झालं त्या वर्षी मी चिडलो होतो, आपलीच बायको आपलाच कापूस लपवते म्हणून. मग दुपारची कामं आटोपली की ती ओसरीवर बसायची, सरकी हातानं काढायची, बोटांना राख लावायची आणि वाती वळायची. एकीकडे माझ्याशी भांडण, एकीकडे हात चालू. कार्तिकी पौर्णिमेला देवापुढे साडेसातशे वातींचा त्रिपूर लावतात, त्याचे जुडगे ती वर्षभर करायची. जुडगा झाला की लाल दोऱ्यानं बांधायची आणि तीन गाठी मारायची. मी एकदा विचारलं, तीन कायले? म्हणाली, "एक देवाची, एक घेनाऱ्याची, अन् एक तुमची. तुमचं तोंड लय सुटते म्हणून." त्यावर मी हसलो नव्हतो. आता रोज हसतो.

वैशाली, म्हणजे माझी सून, शिकलेली. तिनं त्या जुडग्यांचे फोटो फोनवर टाकले आणि कुठून कुठून लोक मागवायला लागले. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर चिकटवायचा कागद, आणि दुपारी कारंज्याहून कुरियरवाला येऊन घेऊन जाणार. बुढीला तो फोन फार आवडला. ज्याला खोका गेला त्याला ती स्वतः फोन करायची, "पोचल्या का वो बाई?" आणि मग त्या बाईच्या सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळी चौकशी. मी म्हणायचो, तू वाती इकते का सोयरिक जमवते? बुढी गेल्यावर वैशालीनं काम बंद पडू दिलं नाही. फक्त दोरा बदलला. "लाल दोरा आईंचा. मी पांढरा बांधते," म्हणाली. मला ते बरं वाटलं.

या कार्तिकात एकतीस खोके तयार होते. वाती देवाजवळच ठेवायच्या हा बुढीचा नियम, म्हणून ते देवघराच्या खोलीतल्या फळीवर रचलेले. पौर्णिमा आठ दिवसांवर होती आणि त्याच दुपारी कुरियरवाला येणार होता. सकाळी वैशालीचं पोट दुखायला लागलं. आठवा महिना चालू होता. तिला अंगावर जायला लागलं तेव्हा संतोष, माझा मुलगा, जीप बोलावून तिला अमरावतीला घेऊन गेला. घाईत वैशालीचा फोन घरीच राहिला. दुपारी बाराच्या सुमारास त्या फोनवर संतोषचा आवाज आला. मुलगी झाली, फार लहान आहे, काचेत ठेवली, वैशाली अजून शुद्धीवर नाही. मागणाऱ्यांची यादी त्याच्याही फोनवर होती. म्हणाला, "बाबा, आता घराले सोयर लागलं. वाती कशा पाठवता? सगळे आर्डर कॅन्सल करून टाकू का?"

घरात जन्म झाला की आमच्याकडे बारा दिवस सोयर पाळतात. देवाला हात लावायचा नाही, पूजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. मी म्हटलं, "टाक करून." खरं सांगतो, सोयर हे निमित्त होतं. मनात होतं की या देवाला आता आमच्या घरातून काही जायला नको.

फोन खाली ठेवला तोच पुन्हा वाजला. साताऱ्याची कोणी बाई होती. त्याच सकाळी तिनं एक त्रिपूर मागवला होता.

"पौर्णिमेच्या आधी मिळेल ना हो?"

"नाही मिळाचा. घरात बाळंतपन झालं. सोयर आहे."

"अगं बाई! बाळ-बाळंतीण कशा आहेत?"

सकाळपासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. "माईत नाही," एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "गेल्या वर्षी मला एका बाईंचा फोन आला होता, वाती पोचल्या का म्हणून. किती वेळ बोलल्या. त्या आहेत का जवळ?"

"ते गेली. चैतात."

"माझेही हे गेले, श्रावणात. आमच्याकडे त्रिपूर तेच लावायचे. यंदा मी लावणार होते. पण राहू द्या, दादा. तुम्ही बाळाकडे बघा. वातींचा त्रास नका घेऊ."

तिनं फोन ठेवला. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण ती भांडली नाही. मी ओसरीवर जिथं बुढी बसायची तिथं बसलो. मला वाटलं, तिनं हे ऐकलं असतं तर माझ्याकडं कसं पाहिलं असतं. उठलो आणि संतोषला फोन लावला, "कॅन्सल नको करू. ज्यानं ज्यानं मागवलं त्याले खरं लिहून पाठव. सोयर आहे, वाती सोयराच्या आधीच्या आहेत, हात शेजारचा लागन. पायजे का नको ते सांगा म्हणा."

शेजारचा म्हणजे खंडारे भाऊ. आमची भिंतीला भिंत आहे. टपालातून रिटायर झालेला माणूस, बौद्धाचं घर. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या ओसरीवर चहा प्यालो, बांधावरून भांडलो, एकमेकांच्या मयतीला खांदा दिला. पण देवघराच्या खोलीत मी त्यांना कधी या म्हटलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. बुढी एकदा म्हणाली होती, "खंडारे भाऊजीले आत बोलावलं तर तुमचा देव पळून जाते काय?" मी तिच्यावर ओरडलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण सोडून दिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

खंडारे भाऊ पेपर वाचत बसले होते. मी दारात उभा राहून म्हटलं, "घराले सोयर लागलं. मले वातीले हात लावता येत नाही. कुरियरवाला येऊन राह्यला. तुमी जर..."

"पोरगी कशी आहे?" त्यांनी आधी तेच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "आमाले ना सोयर ना सुतक. मी देव मानत नाही, पन वेळेवर पोचवनं मानतो. कुठं आहे माल?"

"आतल्या खोलीत."

"आतल्या?"

"हो. या."

त्यांनी चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं लागले तुले. आमच्या टपालानं एवढा लेट कधी केला नाही."

मी उंबऱ्याच्या बाहेर बसलो, ते आत. त्यांचा हात अजून सुटलेला होता. नाव बघायचे, कागद चिकटवायचे, कोपरा दाबायचे, खोका माझ्यापुढे सरकवायचे. मधेच म्हणाले, "वहिनीनं पयलं पार्सल बहिनीले पाठवलं ना, ते कापडात शिवाले मीच शिकवलं होतं. चार टाके वाकडे घातले अन् मलेच म्हने, तुमची सुई वाकडी आहे." मला हे माहीतच नव्हतं. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मला नवीन काही कळेल असं वाटलं नव्हतं, आणि ते त्या खोलीतून आलं. तेवढ्यात संतोषचा फोन आला. एकानंही नको म्हटलं नव्हतं. बहुतेकांनी बाळाला आशीर्वाद लिहिला होता. चार वाजता कुरियरवाला एकतीस खोके घेऊन गेला.

राहिली साताऱ्याची बाई. तिची मागणी त्याच सकाळची, म्हणून तिचा जुडगाच झाला नव्हता, आणि सोयरात नवीन करता येत नव्हता. खंडारे भाऊ फळी चाचपत होते. "इथं एक पितळेचा डबा आहे," म्हणाले आणि झाकण उघडलं. आत एक जुडगा होता. लाल दोरा, तीन गाठी.

माघात, खाट धरायच्या आधी, ती ओसरीवर बसून हाच वळत होती. आमच्या घरच्या त्रिपुरासाठी. तिच्या हातचं आता जगात एवढंच उरलं होतं.

"ते नाही जाचं," मी ओरडलो.

"बरं. तुही वस्तू." त्यांनी झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि उंबऱ्याच्या त्या बाजूला, माझ्यासमोर बसले. हळूच म्हणाले, "यंदा सोयर आहे, तुले लावता येत नाही. पुढच्या वर्षी तरी लावशीन, का डब्यातच ठेवशीन?"

उत्तर मला माहीत होतं. मी तो कधीच लावला नसता. डबा उघडून पाहिला असता आणि बंद केला असता. बुढीनं देवासाठी वळलेल्या वाती मी माझ्यासाठी अडवून ठेवल्या असत्या. खंडारे भाऊंच्या खांद्यावरून मला देव दिसत होता. सात महिन्यांनी मी त्याच्याकडं सरळ पाहिलं. म्हटलं, "घे मंग." तेवढेच दोन शब्द. पण बोललो.

खंडारे भाऊंनी जुडगा खोक्यात ठेवला, वैशालीच्या फोनमधून पाहून स्वतःच्या अक्षरात साताऱ्याचा पत्ता लिहिला आणि टपाल बंद व्हायच्या आत निघाले. चप्पल घालतानाही त्यांनी मला टोमणा मारला नाही.

दिवस मावळताना संतोषचा फोन आला. वैशालीनं डोळे उघडले होते. पहिलं तिनं पोरीचं विचारलं, दुसरं विचारलं, वाती गेल्या का. मी या गोष्टी एकमेकींना जोडून दाखवत नाही. ज्या क्रमानं झाल्या त्या क्रमानं लिहिल्या.

पौर्णिमेला संध्याकाळी गावातल्या देवळात दिवे लागले. आमच्या घरात सोयर म्हणून दिवा नव्हता. मी ओसरीवर बसलो आणि आता वाईट वाटेल अशी वाट पाहत राहिलो. पण मनात येत होतं, बत्तीस घरांत आत्ता आपल्याच वावरातला कापूस जळून राह्यला. कुठं कुठं उजेड पडला असेल. अंधारात बसून मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पोरीला घरी आणायला महिना लागला. ती आली त्याच आठवड्यात साताऱ्याहून एक पाकीट आलं. मी अक्षर लावून लावून पत्र वाचलं. "दादा, खोका उघडला आणि दोरा ओळखला. गेल्या वर्षी अशाच तीन गाठी होत्या. त्या बाईंच्याच हातच्या वाती असणार. सगळा त्रिपूर नीट जळला. वाती देवाला गेल्या, दोरा मात्र जाळवला नाही. तो तुमचा आहे." पाकिटात लाल दोरा होता. मी त्या बाईला वाती कोणाच्या ते सांगितलं नव्हतं, आणि दोरा तर मागितलाच नव्हता.

आता सकाळचा दिवा मी लावतो. देवाकडे काही मागत नाही. मुठीत धरलं होतं तेव्हा माझ्याजवळ एक बंद डबा होता. सोडलं तेव्हा जे परत यायचं ते आपल्या पायानं आलं, हे मला पुरतं. चहाला खंडारे भाऊ येतात. आत येऊन बसतात, देव पळून गेला नाही.

दोरा मी पाळण्याच्या दांडीला बांधला. एक गाठ देवाची. दुसरी साताऱ्याच्या बाईची. तिसरी, माझ्या सुटत्या तोंडाची, मारताना खंडारे भाऊ म्हणाले, "वाकडी बसून राह्यली बुढ्या, सोड अन् पुन्हा मार." माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि गाठ ओढली.