केळीच्या सालीतलं जांभळं

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात शोधून सापडला नसता. माणसांवर त्यांचा फार विश्वास. संशय सगळा पदार्थांवर. देवपुरातल्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. द्रावणात कोणता आयन आहे हे मुलांकडून ओळखून घेता घेता ती खोड त्यांच्या अंगात इतकी मुरली, की कॉलेज सुटलं तरी परीक्षा सुटेना. कुणाकडेही पाण्याचा पेला पुढे आला की खिशातून सिल्व्हर नायट्रेटची बाटली निघे, दोन थेंब पडत, पाणी दुधाळ होई आणि मामा समाधानाने म्हणत, "क्लोराइड!" मग यजमान दुसरा पेला आणत. त्या द्रावणाने त्यांची बोटं कायम काळी. मामीच्या पापडखारावर ते लिंबू पिळत, फसफसलं की "कार्बोनेट" असं जाहीर करून निघून जात, आणि मामी नव्या खारासाठी कुणाला तरी दुकानात पिटाळी.

अडत ते एकाच ठिकाणी. पदार्थात पोटॅशियम असलं की ज्योत जांभळी होते, पण सोडियमचा पिवळा रंग तिला झाकून टाकतो. म्हणून ती निळ्या काचेतून पाहायची. मोतीबिंदू वाढला तसं मामांना काचेतूनही ते जांभळं दिसेना. मग काच त्यांची एकुलती एक मुलगी आपल्या डोळ्यांपुढे धरी.

"दिसलं का गं?"

"दिसलं, अण्णा."

तिच्या शब्दाची परीक्षा मात्र त्यांनी कधी केली नाही.

तिला रावेरकडचं केळीवाल्यांचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडलेला. बोलणी करायला मुलाचे वडील, आबा, आले ते आपल्या बागेतल्या केळ्यांच्या दोन फण्या घेऊनच. मामांनी एक केळं आवडीने खाल्लं आणि साल घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने बैठकीत धूर आला, पाठोपाठ वाटीत राख घेऊन मामा. आम्लात भिजवलेली तार राखेत बुडवून त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरली.

पाहुणे उठलेच. "आम्ही बागेतला माल आनला, अन् तुम्ही त्याले जाळू राह्यले?"

मामी रडकुंडीला आली. मी दारात आडवा उभा राहिलो. मामांचं लक्ष फक्त ज्योतीकडे. तेवढ्यात मुलगी काच घेऊन बाहेर आली.

"आबा, जायच्या आधी यातून एकदा पाहा."

आबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे जांभळं कशाचं?"

"पोटॅशचं. तुम्ही बागेला घालता ना, तेच."

"दरसाल टाकतो," आबा खाली बसत म्हणाले, "पन दिसलं आजच."

लग्न तिथेच ठरलं. ती सासरी गेल्यावर घर अगदी ओकंबोकं झालं. बाटल्यांवर धूळ बसली. मला त्या घरी जायला नको वाटे.

पुढे मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता जांभळं स्वच्छ दिसतं, असं त्यांनी हळूच मला सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणाले. मुलगी माहेरी येताना केळी आणायचीच. मामा साल जाळायचे, तार ज्योतीत धरायचे आणि काच तिच्या हातात द्यायचे.

"दिसलं का गं?"