सासरे, मी आणि सुटलेला सांधा

लग्न होऊन मी पडेगावला आले तेव्हा सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. गंगापूरकडची शेती थोरल्या दिरांवर सोपवून ते आमच्याकडं राहत होते. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना म्हणत, "तिला सांग, भाजीत मीठ कमी हाय." मीही सासूबाईंकडं बघूनच उत्तर द्यायची.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार यायची. मग नवी पाइपलाइन जोडली, आणि पहिल्याच दिवशी पाणी इतक्या जोरात आलं की मोरीतल्या पाइपचा सांधा सुटून फवारा छताला लागला. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी सांधा दाबला. सासऱ्यांनी दुसऱ्या बाजूनं पाइप धरला. नवरा कामावर गेलेला.

"तिला म्हणावं, खालून दाब!" सासरे ओरडले. आमच्यात वीतभर अंतर होतं.

"त्यांना सांगा, खालूनच दाबलाय!" मीही ओरडले.

सासूबाई अंगणातल्या नळाला हंडे लावत होत्या. "तुमचं तुम्ही बोला! मला पाणी भरू द्या."

"मग कॉक तरी बंद कर!"

"अजिबात नाय. परत कधी येतंय कुणाला ठाऊक!"

सासऱ्यांची टोपी भिजून कानांवर आली होती. माझा डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता. बराच वेळ तसाच गेल्यावर त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं, "दमलीस का गं?"

"लई," माझ्या तोंडून निघालं, आणि दोघांनाही हसू फुटलं. हात ढिले पडले तशी पाण्यानं आम्हाला पुन्हा नखशिखान्त आंघोळ घातली. मग पाणी जाईपर्यंत त्यांनी मला आपल्या उसातली पाइपलाइन फुटून शेजाऱ्याच्या लसणाचं तळं कसं झालं, ते रंगवून सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्यानं पितळी सांधा आणला. आटे कोरडे पुसून टेप गुंडाळली आणि सांधा पान्यानं आवळला. पुढच्या पाण्याला सगळे मोरीत जमलो. सांध्यावर एक थेंब धरला.

"अजून अर्धा आटा फिरव," सासरे नवऱ्याला म्हणाले.

"नको आबा, तडकेल," मी थेट सासऱ्यांनाच म्हणाले.

"तुला काय कळतंय?"

"मग तुम्हाला तरी काय कळतंय? लसूण बुडवलात की!"

नवरा पाना हातात धरून आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत राहिला. शेवटी त्यानं जरासाच फिरवला. थेंब थांबला. सासऱ्यांना वाटलं त्यांचं ऐकलं, मला वाटलं माझं.