आबांची शिट्टी

गाव सोडलं त्या सकाळी घराला लावायला कुलूपच सापडेना. आमच्या दाराला फक्त कडी होती, तीही कुत्र्यापुरती. शेवटी भरलेला टेम्पो थांबवून मी नाक्यावरच्या दुकानातून कुलूप आणलं. इतकं दणकट, की आबा म्हणाले, "आत काय सोनं हाय का रं?"

आबांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते मशीन भिवंडीत. मला लागलेली गोडाऊनची नोकरीही भिवंडीत. काय जमवून आणलंय, असं मला वाटलं. तुम्ही गावकऱ्यांनीही टेम्पोमागे उभं राहून माझं कौतुक केलंत. ते परत घ्या.

तिथंच भिवंडीत, टेमघरला भाड्यानं खोली घेतली. डॉक्टरांनी बजावलेलं: दिवसाला तीन पेले, चहा-आमटी धरून; जास्त झालं तर पाणी छातीत साठेल. मी औषधाच्या बाटलीच्या झाकणानं पाणी द्यायला लागलो. ज्यांच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी प्यायलं ते आबा झाकणाकडे बघून म्हणायचे, "चिमनीला पानी ठेवलंस का रं?"

डायलिसिसच्या दिवशी अर्धी ड्युटी, एरवी बारा तास. मी नसताना झाकणं कोण मोजणार? इथं माझी अक्कल चालली. सुपरवायझरच्या हातापाया पडून मी गोडाऊनच्या गेटवर आबांना खुर्ची मिळवली. खाकी टोपी दिली, शिट्टी दिली. पगार नाही, पण आबा नजरेसमोर. आठ दिवसांत गडी खुलला. शिट्टी मारून ट्रक मागे घ्यायला लावायचे. ड्रायव्हर "सलाम चाचा" म्हणायचे. सुपरवायझर मला म्हणाला, "तेरे से तो तेरा बाप अच्छा काम करता है." ही शाबासकी मी गावात फोन करकरून सांगितली. आठवत असेल.

नजरेसमोर म्हणालो खरं, पण माझी नजर खोक्यांवर. बाहेर ट्रकमागून ट्रक, आणि प्रत्येक ड्रायव्हरचं, "चाचा, कटिंग लो." कुणी पुढे केलेला कप परत पाठवायचा, हे आबांना जन्मात जमलं नव्हतं. आणि तहान तर मीच लावून ठेवलेली.

एका दुपारी ट्रक गेटवर हॉर्न मारतोय आणि शिट्टी नाही. आबांनी डुलकी काढली, आता माझी इज्जत जाणार, म्हणून मी आतून ओरडलो, "आबा, शिट्टी मारा!" दोनदा ओरडलो. जाऊन बघतो, तर शिट्टी तोंडातच होती. फुंकायला श्वास नव्हता. खुर्चीखाली कागदी कप एकात एक नीट रचून ठेवलेले.

वाचले. मशीननं पाणी काढल्यावर पहिला प्रश्न, "गेटवर कोन हाय?"

गेटवर दुसरं कुणी होतं. सुपरवायझरनं मला सांगितलं, "कल से अकेला आना, नहीं तो मत आना." नोकरी गेली तर खोली जाते, खोली गेली तर मशीन.

गेल्या महिन्यात मी गावी आलो, तेव्हा तुम्हाला वाटलं, घराच्या ओढीनं आलो. मी कुलूप काढून न्यायला आलो होतो. तिथं पुन्हा कडी लावलीय.

आता ड्युटीला निघताना दोन पेले मोजून ठेवतो, शेजारी आबांची शिट्टी ठेवतो, नळाचा कॉक बाहेरून बंद करतो आणि ते कुलूप लावतो. पहिल्या दिवशी आबांनी आतून विचारलं, "आत काय सोनं हाय का रं?" मी जिना उतरलो. उशीर झाला होता.

तुम्ही फोनवर विचारता, घर कधी उघडणार? रोज ड्युटीवरून आलो, की उघडतो. आधी दार वाजवतो. आत शिट्टी वाजली, की मग किल्ली फिरवतो.