उंबऱ्यावरचा घाट

सोप्यातून आजाऱ्याच्या खोलीत आगगाडी न्यायची होती, आणि आखणी करताना मी मधला उंबरा विसरलो. मी ड्रॉइंग मास्तर. सरळ रेघ कशी मारावी हे शिकवण्याबद्दल मला पगार मिळतो. तेव्हा रेघ सरळच मारली होती, पण कागदावर. सोप्याच्या भिंतीपासून थेट खाटेपर्यंत, निळ्या शाईची, सुबक. फक्त घराला उंबरा असतो आणि तो चांगला चार बोटं उंच असतो, हे रोज त्याच्यावरून पाय टाकणाऱ्या माझ्या ध्यानात आलं नाही. गेल्या महिन्यात इथे साताऱ्याला तार आली, ‘बाळगोंडा वारला’, तेव्हा डोळ्यांपुढे मित्राचा चेहरा यायला हवा होता. आला तो उंबरा... आणि त्याच्यापुढे घुर्रघुर्र करत अडून बसलेलं ते चावीचं इंजिन. मला हसू फुटलं. तार हातात धरून हसणारा माणूस बघून तारवाला शिपाई दोन पावलं मागे सरला.

बाळगोंडाची सांगलीच्या पेठेत हळदीची अडत होती. माझी बदली सांगलीला झाली त्या पावसाळ्यात आमची ओळख झाली, ती छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या पुढ्यात. मी माझी छत्री न्यायला गेलो होतो आणि हे गृहस्थ त्याच छत्रीच्या काड्या विकत मागत होते. “तुमची हाय व्हय? मोडकीच हाय की. द्या मला, रूळ करतो,” असं म्हणाला तो, आणि मी दिली! का दिली ते आजवर कळलेलं नाही. घरी भिजत गेलो. दुसऱ्या दिवशी नाक पुसत विश्रामबागेतल्या त्याच्या घरी गेलो, तर सोप्यात भिंतीकडेनं फळ्या मांडलेल्या, आणि त्यांवर माझी छत्री ओळखू न येण्याइतकी सरळ होऊन पसरलेली. काड्यांचे रूळ, कळकाच्या कामट्यांचे स्लीपर, बिस्किटांच्या पत्र्याचे डबे. लढाई सुरू झालेली, बाहेरची खेळणी बाजारातून नाहीशी झालेली. इंजिन तेवढं खरं विलायती, वडिलांनी त्याच्या लहानपणी मुंबईहून आणलेलं. बाकी सगळं आम्ही केलं. म्हणजे त्यानं केलं आणि मी रंगवलं. आमच्या प्रत्येक डब्यावर माझ्या रंगाच्या वर त्याच्या बोटांचे हळदीचे ठसे असत. रविवारी आळीतली पोरं, त्यांच्या आया, कधी आष्ट्याहून हळद घेऊन आलेले शेतकरीसुद्धा सोप्यात मांडी घालून बसत. ज्याला पाहिजे त्यानं चावी द्यावी. “गाडी बघून काय मजा,” तो म्हणे, “चालवून मजा.”

लाइन होती खऱ्या रेल्वेसारखीच, मिरजेपासून सातारा रोडपर्यंत; तिथून सातारा गावात जायचं ते टांग्यानं. आमचं एकुलतं एक भांडण त्यावरच. मी साताऱ्याचा. म्हटलं, एवढे रूळ टाकतोस तर आणखी दोन हात टाक, माझ्या गावाला गाडी जाऊ दे. “साताऱ्याला गाडी जाईना, ती माझी चूक हाय का गड्या? रोडला उतर आन् टांगा कर.” मी चिडून पुठ्ठ्याचा टांगा करून दिला. त्यानं तो खरंच स्टेशनाबाहेर उभा केला.

मग बाळगोंडाला क्षय झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजेडाची खोली, खाट, पूर्ण आराम आणि लेकराला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. लेकरू म्हणजे कुसुम, तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. पहिले काही दिवस ती दारात बसून रडली. नंतर रडायची थांबली, आणि तेच वाईट झालं. एका दुपारी शेजारची बाई बसायला आली असताना कुसुमनं तिला खोलीकडे बोट दाखवून माहिती दिली, “आमच्या खोलीत एक मानूस ऱ्हातोय.” आत ते त्यानं ऐकलं.

दोन-तीन दिवसांनी बाळगोंडाच्या पत्नी, पद्मावहिनी, शाळेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. “मास्तर, ते जेवंनात. दूध बी परत पाठिवत्यात. पोरगी ईसरली म्हनत्यात, आता कशासाठी बरं व्हायचं...” मला तर कधीच वेळेवर काही सुचत नाही, पण त्या दिवशी सुचलं. कुसुम आत जाऊ शकत नाही. गाडी जाऊ शकते.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची खाट माझीच. पण परवानगी दिली, एका अटीवर: आतल्या माणसाचा हात गाडीला लागता कामा नये. म्हणजे चावी बाहेर द्यायची, गाडीनं आत जायचं, खाटेला वळसा घालायचा आणि आपली आपण परत यायचं. सामान त्यानं सांडशीनं उचलून घ्यायचं. मी आखणी केली, रूळ टाकत आणले, आणि उंबऱ्याशी येऊन थबकलो... तो किस्सा वर सांगितलाच आहे. गाडी उंबऱ्याला टक्कर देऊन घुरघुरत बसली. खाटेवरून कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग पुन्हा हसण्याचा. “मास्तर, तुमच्या साताऱ्यात घरांस्नी उंबरं नसत्यात व्हय रं?”

मी म्हणालो, उंबरा थोडा कापू. वहिनी रोज सकाळी त्या उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहायच्या. त्या म्हणाल्या, “आवं मास्तर, उंबऱ्याला करवत लावायच्या आदी डोस्क्याला लावून बगा, आत काय हाय का.”

तेव्हा घाट बांधावा लागला. विटांचे तुकडे, वर माती, सोप्यातून लांबवर चढण आणि खोलीत उतार. रिकामी गाडी परत चढून यायची, पण सामान भरलं की इंजिन माथ्यापाशी दमायचं. मी कपाळाला हात लावला, तर आतून हुकूम आला: “खंडाळ्याला काय करत्यात? मागनं दुसरं इंजिन लावत्यात. आपल्याकडं हाय की ते, दारात बसलंय.” कुसुमच्या हातात वहिनींनी पळी दिली. गाडी अडली की पळीनं मागून ढकलायची. तिनं मला विचारलं, “ढकलू?” मी म्हटलं, मला काय विचारतेस, पलीकडच्या स्टेशनमास्तराला विचार. तिनं आत पाहिलं. नीट, निरखून पाहिलं. मग हाक मारली, “ओ मानूस! ढकलू का?”

“ढकल,” तो म्हणाला.

रोज चालायचं हे. चिंचोके जायचे, गुळाचा खडा, एकदा एक मेलेला भुंगा. “ओ मानूस, पोचलं का?” “पोचलं गं बाई.” तो जेवू लागला, पण हाक काही बदलेना, आणि प्रत्येक हाकेनंतर तो थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला काहीतरी करावंसं वाटत होतं. दिवाळी जवळ आली होती. आळीतली पोरं किल्ले बांधत होती. मी घाटावर किल्ल्यावर पेरतात तसा हळीव पेरला आणि भक्तिभावानं रोज पाणी घातलं. घाट हिरवागार झाला. माती फुगली, रूळ उचलला गेला, आणि पोचवायला निघालेली लाडवाची गाडी माथा ओलांडून खोलीच्या बाजूला धाडकन उलटली. कुसुम उठली. तिचा एक पाय उंबऱ्याच्या वर. वहिनींच्या हातातलं तबक पडलं. “थांब!” बाळगोंडा ओरडला; त्याच्यात एवढा आवाज शिल्लक आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ती थांबली. पाय मागे घेतला, आणि भोकांड पसरलं: “आप्पा, माजं इंजिन पडलं! आप्पा, उचला की!”

त्यानं खाटेवरून वाकून सांडशीनं इंजिन उचललं. ते रुळांवर ठेवायला त्याला फार वेळ लागला. डॉक्टरांना नंतर कळलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, “आजाऱ्याच्या खोलीत शेती करायला तुम्हाला कोणी सांगितलं?” आत बाळगोंडा दुधाचा दुसरा पेला मागत होता.

तो बरा झाला. वर्ष उलटून गेलं होतं. पण एका सकाळी तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, घाटाला धक्का लागू नये म्हणून पाय उंच उचलून. घाट मोडू मात्र दिला नाही. त्या घरात येणारा-जाणारा पुढे कायम तसाच, पाय उंच उचलून चालला. पुढे तो पुन्हा पेढीवर बसला, हळदीत हात घातले, रविवारी सोपा भरवला. माझी बदली साताऱ्याला झाली तेव्हा निरोपाला पुठ्ठ्याचा टांगा दाखवून म्हणाला, “ह्योच पाठवू न्यायला?” गेला तोही पेढीवर बसल्या बसल्या, चहाचा पेला हातात असताना. त्या जुन्या दुखण्यानं नव्हे. त्याला तर त्यानं केव्हाच परत पाठवलं होतं.

परवा विश्रामबागेला जाऊन आलो. गाडीत चार चांगली वाक्यं जुळवली होती. वहिनींनी चहा दिला आणि त्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. सोप्यात फळ्या तशाच होत्या आणि कुसुम, आता चांगली उंच झालेली, आळीतल्या दोन पोरांना चावी कशी द्यायची ते दाखवत होती. मी सातारा रोडपर्यंत नजर नेली. टांगा नव्हता. तिथून पुढे नव्या काड्यांचा फाटा निघाला होता, अन् शेवटी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यासारखा एक मातीचा डोंगर.

“हे कधी?”

“आप्पांनी ह्याच पावसाळ्यात घातला,” कुसुम म्हणाली. “म्हनले, मास्तर म्हातारा झाला, टांग्यात हाडं खिळखिळी हुत्यात.”

मला तो फाटा नीट दिसेना. डोळे लपवावे म्हणून मी खोलीकडे वळलो. खाट हलवली होती. उजेड तेवढा होता, आणि उंबऱ्यावर घाट, वहिनींच्या हळदीकुंकवासकट. आत जायला मी पाय उंच उचलला... आणि तो तसाच राहिला. पुढे पडेना, मागे येईना. नदीकाठच्या बगळ्यासारखा एका पायावर, धोतर सावरत, किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागं पोरांची खुसखुस सुरू झाली. कुसुम पळी घेऊन उठून आली, माझ्याकडे वर-खाली पाहिलं, अगदी निरखून, आणि म्हणाली,

“मास्तरकाका, घाट चढवंना व्हय? ढकलू का मागनं?”